ताळा जुळला, विजेता चुकला: इंदूरच्या एका संगीत पुरस्काराचं प्रकरण

रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मंचावरून निकाल जाहीर झाला. युवा गायक पुरस्कार: पहिला क्रमांक ११, दुसरा १२, तिसरा १३. टाळ्या, हार, फोटो, आभार. दहा वाजून दहा मिनिटांनी आतल्या खोलीत चहा घेताना एका परीक्षकांनी सचिवांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, चौदा नंबरच्या मुलीला काहीच कसं नाही? माझ्याकडे तर तीच पहिली आहे." शेजारी बसलेल्या बाईंनी कप खाली ठेवला. "माझ्याकडेही."

पाचपैकी चार परीक्षकांच्या कागदावर ती पहिली होती. तोवर सभागृह निम्मं रिकामं झालं होतं आणि क्रमांक ११चे फोटो तीन व्हॉट्सॲप गटांत फिरून आले होते.

संस्था, माणसं आणि गुण या अभ्यासासाठी रचलेले आहेत. चुका मात्र रचाव्या लागत नाहीत. निकालाच्या टेबलावर एकदा तरी बसलेल्याला त्या ओळखू येतील. जागा इंदूरच घेतली, कारण वार्षिक संगीत पुरस्कारांचे दोन्ही प्रकार या शहराला चांगले माहीत आहेत. एक सन्मान आणि दुसरा स्पर्धा.

सन्मानाचं ठळक उदाहरण म्हणजे मध्य प्रदेश शासनाचं लता मंगेशकर अलंकरण. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९चा. १९८४-८५ सालचं पहिलं अलंकरण नौशाद यांना मिळालं, त्यानंतरचं खंडव्याच्या किशोर कुमारांना. तिथे निवड आधी होते, नावं आधी छापून येतात, मंचावर फक्त सोहळा असतो. त्यामुळे लिफाफा चुकायचा प्रश्न येत नाही. त्या प्रकारात घोळ होतो तो वर्षांचा. २०२२च्या सप्टेंबरात एकाच संध्याकाळी २०१९साठी शैलेंद्र सिंह, २०२०साठी आनंद-मिलिंद आणि २०२१साठी कुमार सानू यांना अलंकरण दिलं गेलं. अशा वेळी स्मृतिचिन्हावर कोणतं साल कोरायचं, हे सोहळ्याच्या आधी दोनदा तपासावं लागतं.

आपल्या संस्थेचा सोहळा मिश्र होता. पाच पुरस्कार आधीच ठरलेले: ज्येष्ठ गुरू, साथसंगत, वाद्यनिर्मिती वगैरे. सहावा, युवा गायकाचा, त्याच संध्याकाळी सहा अंतिम स्पर्धकांच्या गाण्यावरून ठरणार होता. पहिल्या पाचांत काहीही बिघडलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

परीक्षक पाच. प्रत्येकाकडे ५० गुण: सूर १५, लय १०, शब्दोच्चार १०, भाव १०, गीताची निवड ५. प्रवेशअर्जावर छापलेला नियम असा: "पाचही परीक्षकांच्या गुणांच्या एकूण बेरजेवर निकाल लागेल." हे वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

परीक्षकांना अ, ब, क, ड, इ म्हणू. त्यांच्या हातचे गुण याच क्रमाने असे होते:

क्रमांक ११: ४१, ४०, ३८, ४२, ३० – बेरीज १९१
क्रमांक १२: ४२, ४१, ४०, ४३, २२ – बेरीज १८८
क्रमांक १३: ४०, ३९, ३९, ४१, ४४ – बेरीज २०३
क्रमांक १४: ४३, ४२, ४१, ४४, २७ – बेरीज १९७
क्रमांक १५: ३८, ३८, ३७, ४०, ३५ – बेरीज १८८
क्रमांक १६: ३९, ३७, ३६, ३९, ३३ – बेरीज १८४

म्हणजे छापलेल्या नियमाप्रमाणे पहिला १३, दुसरी १४, तिसरा ११. मंचावर वाचलं गेलं ११, १२, १३. जाहीर झालेला क्रम जरा बारकाईने पाहिला तरी संशय यायला हवा होता: विजेते नेमके प्रवेशक्रमांकाच्याच क्रमाने लागले. असं योगायोगाने होऊ शकतं, पण निकालाच्या टेबलावर बसणाऱ्याने ते योगायोग मानू नये.

झालं ते असं. एक मुलगा गुणपत्रकं बघून कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होता आणि आकडे मोठ्याने सांगत होता. दुसरा ते लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाइप करत होता. डावीकडे प्रवेशक्रमांक आणि नाव, मध्ये पाच परीक्षकांचे रकाने, उजवीकडे बेरजेचा रकाना. सगळं भरून झाल्यावर मोठ्या बेरजेकडून लहानीकडे क्रम लावायचा म्हणून त्याने फक्त बेरजेचा रकाना निवडला आणि सॉर्ट केलं. एक्सेल अशा वेळी विचारतं की शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का. घाईत त्याने "कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन" दाबलं. बेरजा मोठ्याकडून लहानीकडे नीट लागल्या, नावं जागची हलली नाहीत. अकराच्या ओळीत २०३ आले, बाराच्या ओळीत १९७, तेराच्या ओळीत १९१.

बेरजा टाइप न करता सम फॉर्म्युल्याने आल्या असत्या, तर हीच चूक करूनही निकाल बिघडला नसता. ओळीपुरतं लिहिलेलं सूत्र दुसऱ्या ओळीत गेलं की त्या नव्या ओळीचीच बेरीज दाखवतं. रकाना सॉर्ट केल्यावरही उलटसुलट दिसला असता आणि मुलगा म्हणाला असता, "हे लागत का नाहीये?" तेवढ्याने भागलं असतं. टाइप केलेला आकडा मुका असतो. तो कुठल्या ओळीचा होता हे तो सांगत नाही.

आता तपासणीबद्दल, कारण तपासणी झाली नव्हती असं नाही. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, ताळा घेतल्याशिवाय कागद सोडणारे नव्हेत. त्यांनी पाच परीक्षकांचे रकाने उभे बेरजून घेतले: २४३, २३७, २३१, २४९, १९१. एकूण ११५१. बेरजेच्या रकान्याची उभी बेरीज: ११५१. ताळा जुळला, त्यांनी सही केली.

आकडा चुकीचा टाइप झाला असता तर या ताळ्याने तो पकडला असता. पण इथे एकही आकडा चुकलेला नव्हता; आकड्यांनी फक्त जागा बदलल्या होत्या, आणि जागा बदलल्याने उभी बेरीज बदलत नाही. ही चूक आडव्या बेरजेतच सापडते. अकराच्या ओळीतले पाच आकडे बोटांवर मोजले असते तरी १९१ आले असते आणि समोर २०३ दिसले असते. त्यातही एक गंमत आहे. कुणी नमुन्यादाखल शेवटच्या दोन ओळी तपासल्या असत्या, तर त्या बरोबर निघाल्या असत्या. पंधराची बेरीज खरोखरच १८८ होती, सोळाची १८४. सॉर्ट करूनही त्या आपापल्या ओळीतच राहिल्या. म्हणून नमुना तपासायचा असेल तर तो वरून घ्यावा. बक्षिसं वरच्या ओळींना मिळतात.

मुलगा घाईत का होता? निकालासाठी बारा मिनिटं दिली होती, तीही प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाच्या आडोशाने. सहा स्पर्धक, पाच परीक्षक, पाच निकष: दीडशे आकडे वाचायचे, तीस उपबेरजा तपासायच्या, सहा बेरजा करायच्या, क्रम लावायचा, कार्ड लिहायची. दोन माणसांना हे काम नीट करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भर म्हणून गुणपत्रकं गाण्याच्या क्रमाने भरलेली होती, म्हणजे चिठ्ठी काढून ठरलेल्या १४, ११, १६, १३, १२, १५ या क्रमाने, आणि लॅपटॉपवरची यादी प्रवेशक्रमांकाने. प्रत्येक कागदावर डोळा खालीवर नेऊन ओळ शोधावी लागत होती. पाहुण्यांना रात्रीची गाडी पकडायची होती आणि विंगेतून दर दोन मिनिटांनी संचालक डोकावत होता: "भिया, झालं का?"

यातली खरी चूक वेळापत्रक करणाऱ्याची आहे, मुलाची नाही. सगळी गुणपत्रकं शेवटच्या गाण्यानंतर एकदम गोळा करायची गरजच नव्हती. प्रत्येक गाण्यानंतर पाच चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तर शेवटचं गाणं संपताना टेबलावर पाच स्पर्धकांचं काम पूर्ण झालेलं असतं आणि उरले असते फक्त पंचवीस आकडे.

अशी चूक मोठ्या मंचांवरही झाली आहे. २६ फेब्रुवारी २०१७च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी आधीच्या, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराचा दुसरा लिफाफा सादरकर्त्यांच्या हाती गेला. मंचाच्या दोन्ही बाजूंना लिफाफ्यांचा एकेक पूर्ण संच ठेवायची पद्धत होती, त्यामुळे प्रत्येक पुरस्काराचा एक न उघडलेला लिफाफा मागे उरत असे. त्या कार्डावर पुरस्काराचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं. पण तिथे दुरुस्ती काही मिनिटांत मंचावरच झाली, कारण निकाल सांभाळणाऱ्या दोन्ही हिशेबतपासनीसांना सगळे विजेते तोंडपाठ असणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आपल्या प्रकरणात खरा निकाल एकाही माणसाच्या डोक्यात नव्हता. परीक्षकांना फक्त आपापले गुण माहीत होते, टेबलावरच्यांना फक्त पडद्यावरचं दिसत होतं. मंचावर "थांबा" म्हणू शकणारं कुणी नव्हतंच.

आतल्या खोलीत रात्री साडेदहाला मूळ गुणपत्रकं काढली गेली (ती फेकली नव्हती, हे नशीब) आणि दहा मिनिटांत सॉर्टची चूक सापडली. इथवर प्रकरण सरळ आहे. पुढचा अर्धा तास जास्त अवघड होता.

कागद पसरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की नियमाप्रमाणे पहिला येणारा १३ हा फक्त परीक्षक इ यांच्याकडे पहिला आहे. अ, ब आणि ड यांच्याकडे तो चौथा, क यांच्याकडे तिसरा. चौघांची पहिली १४ आणि चौघांचीही दुसरी १२. मग त्याचा एकूण पहिला नंबर कसा? उत्तर गुणांच्या पसरटपणात आहे. अ यांनी ३८ ते ४३ मध्ये सगळ्यांना बसवलं, ब यांनी ३७ ते ४२, क यांनी ३६ ते ४१, ड यांनी ३९ ते ४४. प्रत्येकाचा पसारा ५ गुणांचा. इ यांचा २२ ते ४४, म्हणजे २२ गुणांचा. चौघांचे पसारे एकत्र केले तरी २०च होतात. बेरजेच्या पद्धतीत जो परीक्षक गुण जास्त ताणतो त्याचं मत जड होतं. त्या संध्याकाळी इ यांचं एकट्याचं मत बाकी चौघांना पुरून उरलं.

इ यांनी पक्षपात केला असं मुळीच नाही. ते पुण्याहून आले होते आणि शब्दोच्चारावर त्यांचा कटाक्ष होता. इंदूरची आजची मुलं शिकतात हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात, घरी मराठी. 'चांदणं'मधला च ती 'चहा'तल्या चसारखा म्हणतात, 'जग'मधला ज 'जीव'सारखा, आणि ळ पुष्कळदा ल होतो. मराठी भावगीतात हे खटकतंच. १२ आणि १४ या दोघींना इ यांनी शब्दोच्चारात १०पैकी ३ दिले, जे त्यांच्या निकषाने योग्यही असेल. पण "शब्द पोचत नाहीत तर भाव कुठून येणार" या न्यायाने भावाचे आणि निवडीचेही गुण कापले. एकाच दोषाची तीनदा वसुली झाली. स्थानिक परीक्षकांच्या कानाला तो उच्चार इतका सवयीचा की त्यांनी जवळपास काहीच कापलं नाही. दोन्ही बाजूंना आधी एकत्र बसवून "उच्चाराचे गुण उच्चारातच कापा, आणि सर्वांनी २५ ते ४५ या पट्ट्यात राहा" एवढं सांगायला दहा मिनिटं पुरली असती.

कार्यकारिणीतल्या एकाने मग सुचवलं की गुण सोडून क्रमांक धरू. प्रत्येक परीक्षकाचा पहिला म्हणजे १, दुसरा म्हणजे २, आणि ज्याची बेरीज कमी तो वर. हिशेब लगेच झाला: १४ला ९, १२ला १४, १३ला १६, ११ला १७, १५ला २३, १६ला २६. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा गुण सोडून मधल्या तिघांची बेरीज घेतली तरी पहिले तीन तेच येतात: १४ला १२६, १२ला १२३, १३ला १२०. सूचनेत मोह मोठा होता. या निकालाने चौघा परीक्षकांचं समाधान होत होतं. शिवाय मंचावर जाहीर झालेलं दुसरं आणि तिसरं पारितोषिक जसंच्या तसं राहत होतं. एकट्या ११चं काढून १४ला द्यायचं की झालं.

ही सूचना फेटाळली गेली, आणि ते बरोबरच झालं. सॉर्टची चूक ही लिपिकाची चूक होती; ती दुरुस्त करणं संस्थेचं कर्तव्य होतं. गुणांची पद्धत ही चूक नव्हे, ती छापलेली अट होती आणि सहाही जणांनी ती वाचून सही केली होती. निकाल पाहिल्यावर पद्धत बदलली की तिच्यातून येणारा विजेता कितीही लायक असो, तो समितीने निवडलेला ठरतो. आणि तेराच्या मुलाने काय केलं होतं? तो नियमाप्रमाणे जिंकला होता. पहिल्यांदा लॅपटॉपने त्याचं बक्षीस हुकवलं, दुसऱ्यांदा ते समितीने हुकवलं असतं. परीक्षक अ नाराज होऊन निघून गेले. त्यांची नाराजी गैर नव्हती, फक्त ती एक वर्ष उशिरा कामी येणार होती.

रात्रीच ठरलेल्या गोष्टी: सकाळी नऊच्या आत कुणालाही फोन करायचा नाही, गटांवर एक ओळही टाकायची नाही, वर्तमानपत्राला पाठवायची बातमी थांबवायची. बातमी सोहळ्याच्या रात्रीच पाठवायची घाई पुष्कळ संस्था करतात. इथे फोटो निवडायचे राहिले म्हणून ती थांबली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि सचिव दोघंही घरोघरी गेले. क्रम असा: आधी १२, मग ११, मग १३ आणि १४. पहिलं घर बाराचं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिचं. ११चं पहिलं जाऊन तिसरं होत होतं, तिचं दुसरं जाऊन पहिल्या तिघांतही नाव उरणार नव्हतं. आनंदाची बातमी आधी दिली असती तर ती तासाभरात सुदामा नगरातून लोकमान्य नगरात पोचली असती आणि तिला ती बाहेरून कळली असती. सोबत मूळ गुणपत्रकांच्या प्रती नेल्या, परीक्षकांची नावं झाकून. "तांत्रिक कारणामुळे" हा शब्द वापरायचा नाही असं ठरलं होतं. सांगितलं ते एवढंच: बेरजा बरोबर होत्या, त्या भलत्या नावांसमोर लागल्या, चूक आमच्या टेबलावर झाली, तुमच्या गाण्यात नाही. बाराच्या वडिलांनी विचारलं, "मग चार परीक्षकांनी हिला दुसरी ठरवलंय, ते?" सचिवांनी तेही लपवलं नाही. नियम काय होता आणि पुढच्या वर्षी तो का बदलणार हे सांगितलं. चहा मात्र त्या घरी झाला नाही.

पैशांची अडचण आली नाही. ११,०००, ७,००० आणि ५,००० रुपयांचे धनादेश आठवड्याभराने द्यायचे होते, मंचावर फक्त अभिनंदनपत्राचं पाकीट होतं. स्मृतिचिन्हं मात्र हातात गेलेली. त्यांवर क्रमांक कोरलेला होता, नाव नव्हतं. यावर दोन मतं पडली. एक: मुलांकडची परत मागू नयेत, नवीन करून द्यावीत. दुसरं: परत घ्यावीत. पहिलं मत दयाळू वाटतं, पण मग शहरात "प्रथम" कोरलेली एकाच सालची दोन स्मृतिचिन्हं राहतात आणि दहा वर्षांनी कुणाचं खरं हे सांगायला कोणी नसतं. शेवटी ११ आणि १३ यांनी आपापलं स्मृतिचिन्ह संस्थेकडे दिलं आणि बदलून घेतलं. बाराने आपलं परत केलं, ते १४कडे गेलं. बाराला संस्थेने पत्र दिलं, त्यात झालेली चूक स्पष्ट लिहिली. समजुतीची ढाल दिली नाही, तिनेही मागितली नाही.

जाहीर खुलासा तिसऱ्या दिवशी, पाच ओळींचा. त्यात मुलाचं किंवा खजिनदारांचं नाव नव्हतं.

पुढच्या सोहळ्याच्या नियमावलीत जे बदल झाले त्यातले कामाचे तेवढे इथे देतो. अंतिम फेरीत सहा-सात स्पर्धक असतील तर निकाल क्रमांकांच्या बेरजेवर. तिथे बरोबरी झाली तर गुणांची बेरीज बघायची. प्राथमिक फेरीत चाळीस मुलं असतात, तिथे गुणच ठेवले, कारण चाळीस जणांना क्रमांक लावायला सांगितलं की विसाव्या आणि पंचविसाव्यात फरक करताना परीक्षक अंदाजाने लिहितात. एकेका स्पर्धकाची वेगळी चिठ्ठी, वर क्रमांक आधीच छापलेला, गाणं संपताच उचलायची. दोन लॅपटॉप, दोन माणसं, एकमेकांचा पडदा न बघता. दोन्हीकडे बेरीज सूत्राने, आणि कुणीही सॉर्ट करायचं नाही. सहा आकड्यांतला मोठा डोळ्यांनी दिसतो. शेवटच्या गाण्यानंतर मागच्या वर्षीच्या विजेत्याची दोन गाणी, म्हणजे टेबलाला पंधरा मिनिटं, आणि पाहुण्यांचं भाषण त्याच्याही आधी.

कार्डाचा नमुनाही बदलला. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत पुरस्काराचं नाव आणि स्थान, खाली क्रमांक आणि स्पर्धकाचं पूर्ण नाव, तळाला बेरीज आणि दोन सह्या. कार्ड मंचावर जाण्याआधी ते परीक्षकांपैकी एकाला, ज्येष्ठ असतील त्यांना, दाखवायचं. त्यांनी निकाल बदलायचा नाही. आपल्या कागदाशी तो अगदीच विसंगत दिसला तर "पुन्हा बघा" म्हणायचं, एवढाच अधिकार. त्या रात्री ही एक पायरी असती तर अ यांनी विंगेतच विचारलं असतं.

राहिलं चौथ्या स्थानाचं, २,००० रुपयांचं उत्तेजनार्थ. त्या रात्री पडद्यावर १४ आणि १५ दोघांसमोर १८८ दिसत होते, म्हणून संचालकाने "उत्तेजनार्थ नंतर कळवू" म्हणून वेळ मारून नेली होती. खरी बरोबरी १२ आणि १५ यांची निघाली. ग्रॅमीत मतं सारखी पडली की दोघांनाही पुरस्कार मिळतो. इथे बरोबरीचं काय करायचं हे प्रवेशअर्जावर छापलेलंच नव्हतं. सुराचे गुण बघावेत असं एकाने सुचवलं, पण तोही नियम निकाल बघून केलेला ठरला असता. दोघांनाही पूर्ण २,००० रुपये दिले. ते घ्यायला बारा नंबरची मुलगी आली नाही, तिचा भाऊ आला.